बारा तिकिटं आणि एक भाऊबीज

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव देत नाही, थोडक्यात सांगते. घरात सहा माणसं. ताई, त्यांचे मिस्टर, चौदा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, सासरे ७२ आणि सासूबाई ६८. नणंद लग्न होऊन कोलकात्याला, बारा वर्षांत भाऊबीजेला माहेरचं एकही माणूस तिच्या दारात गेलेलं नाही. यंदा सगळ्यांनी जायचं ठरलं आणि तिकिटांचं काम नेहमीप्रमाणे ताईंकडे आलं. जुलैच्या मध्यावर जायचं माणशी ५,८०० आणि यायचं ६,१०० दिसत होतं. मावसदीर म्हणाले थांब वहिनी, मंगळवारी मध्यरात्री भाव पडतात, इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, बघत जा. ताई थांबल्या. आता गणपती तोंडावर आलेत आणि जायचं ८,३०० झालंय, यायचं ७,०००. रोज रात्री ओटा आवरून झाला की साडेअकरापर्यंत मोबाइल घेऊन बसतात, दरवेळी सहा जण टाकून बघतात. परवा जेवताना मिस्टर म्हणाले, "तेव्हाच काढली असतीस तर वीस हजार वाचले असते." ताईंनी विचारलंय, अजून थांबू का काढून टाकू, आणि लोकांना स्वस्त तिकिटं मिळतात ती कशी, मलाच का जमत नाही?

ताई, आधी तुमच्या त्या वीस हजारांबद्दल बोलते कारण पत्र वाचताना मला तिकिटांपेक्षा तेच जास्त टोचलं. हिशोब बरोबर आहे, जायचे अडीच हजार गुणिले सहा पंधरा हजार, यायचे नऊशे गुणिले सहा पाच हजार चारशे, म्हणजे वीस हजार चारशे. पण हे पैसे तुमच्या हातात कधी नव्हते आणि ते तुम्ही कुठे घालवलेले नाहीत. जुलैत जो भाव दिसला तो त्या दिवसाचा होता, त्या दिवशी कोणीही तुम्हाला सांगू शकलं नसतं की तो वर जाणार का खाली, आणि सल्ला तर घरातल्याच माणसाने दिला होता. मिस्टर वाईट हेतूने बोलले असतील असं मला वाटत नाही, पण बारा तिकिटांचं काम एकटीने करायचं आणि भाव चढला की बोलणी पण एकटीने खायची हे बरोबर नाही. आज रात्री तुमच्या शेजारी त्यांनाही बसवा. खरंच सांगते, एकदा दोघांनी मिळून त्या स्क्रीनकडे बघितलं की घरातली अर्धी कुरबुर संपते.

आता मंगळवारचं आणि इनकॉग्निटोचं. अशी काही गुप्त युक्ती नसते हो, आणि दुसऱ्यांना जमतं नि मला जमत नाही ही समजूतही मनातून काढून टाका. विमानातल्या सीटा कंपनी एकाच भावाने विकत नाही, त्यांचे गट पाडलेले असतात, थोड्या सीटा सगळ्यात कमी भावाला, त्या संपल्या की पुढचा गट, तो संपला की त्याच्या पुढचा. मागणी जास्त दिसली तर स्वस्त गट आधीच बंद करतात, कमी दिसली तर परत उघडतात पण. तुम्ही बघता म्हणून भाव चढत नाही, लोक काढतात म्हणून चढतो. दिवाळीत तर मुंबईतून घरी जाणारा प्रत्येक बंगाली माणूस त्याच चार दिवसांसाठी तिकीट काढत असतो, त्यांचीही भाऊबीज त्याच दिवशी, ते भाईफोटा म्हणतात. मग मंगळवार असो नाहीतर शनिवार, त्या दिवसांचे स्वस्त गट आधी संपतात. आणि सरकार भाव ठरवत असेल असं वाटत असेल तर रोजचे भाव सरकार ठरवत नाही, कंपनीच ठरवते. कोविडमध्ये मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारने मर्यादा घातली होती, अडचणीच्या वेळी घालतात तशी, पण एरवी मोकळं असतं.

ह्यातूनच तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट निघते. तुम्ही दरवेळी सहा जण टाकून बघता. समजा खालच्या गटात तीनच सीटा उरल्यात आणि तुम्ही सहा मागितल्या, तर सिस्टिम तीन स्वस्त आणि तीन महाग असं सहसा दाखवत नाही, सहाही जणांना वरच्या गटाचा भाव लावते. म्हणजे सात हजारांच्या आसपास तीन सीटा पडून असतील आणि तुम्हाला सहाच्या सहा ८,३०० ला दिसत असतील. आज रात्री बसाल तेव्हा तीच फ्लाइट आधी एक जण टाकून बघा, मग दोन, मग तीन, असं करत सहापर्यंत जा आणि कागदावर मांडा. कुठल्या आकड्याला भाव उडी मारतो ते लगेच कळेल. उडी चौथ्या माणसाला येत असेल तर तीन जणांचं एक बुकिंग आणि तीन जणांचं दुसरं. दहा मिनिटांचं काम आहे.

पण तोडून बुकिंग केलं की दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे बुकिंग नंबर, होतात हे लक्षात ठेवा, त्याचे तोटे पण आहेत. एका पीएनआरवरच्या माणसांचं सामान काउंटरवर सहसा एकत्र धरतात, कोणाची बॅग अठरा किलो भरली नि कोणाची बारा तर चालून जातं, वेगळ्या पीएनआरवर तसं होईलच असं नाही. फ्लाइट रद्द झाली किंवा वेळ बदलली तर दोन्ही बुकिंगांना वेगवेगळी सोय मिळू शकते. म्हणून तोडताना माणसं अशी वाटा की सासू-सासऱ्यांच्या बुकिंगमध्ये तुमच्यापैकी एक जण असेलच आणि धाकट्याच्या बुकिंगमध्ये पण आई किंवा बाबा असतील. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी सीट द्यायची असं डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलेलं आहे, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाच्या शेजारची सीट मिळावी म्हणून घाबरून पैसे भरू नका.

दुसरी गोष्ट, तुम्ही तिकिटाचा भाव बघताय, प्रवासाचा खर्च बघत नाही आहात. हे मी स्वतः अंगावर घेतलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आईबाबांना दिल्लीला नेलं तेव्हा पहाटे पाच दहाची फ्लाइट घेतली, माणशी अकराशे रुपये कमी म्हणून, तिघांचे तेहतीसशे वाचले याचा मला केवढा आनंद. मग रात्री दोनला बोरिवलीहून गाडी, त्या वेळेला दुसरा पर्यायच नाही म्हणून जो भाव दिसला तो दिला. बाबांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही, गजर होईल का नाही ह्या धसक्याने. एअरपोर्टवर तीन चहा नि तीन सँडविच, त्याचं बिल बघून आई म्हणाली आपण घरून पोळीची गुंडाळी आणायला हवी होती. दिल्लीत सकाळी आठला हॉटेलवर पोचलो तर खोली दुपारी मिळणार, लवकर हवी तर अर्ध्या दिवसाचे पैसे. बाबा लॉबीतल्या सोफ्यावर बूट घालून मान टाकून झोपले होते, ते चित्र अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. वाचलेले तेहतीसशे दुपारपर्यंत कधीच संपले होते आणि पहिला दिवस सगळ्यांचा आजारी असल्यासारखा गेला. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

तुमच्या बाबतीत तर सहा माणसं आणि बॅगा एका साध्या टॅक्सीत मावतच नाहीत. म्हणजे मोठी गाडी नाहीतर दोन गाड्या, जायला एकदा यायला एकदा. पहाटेची फ्लाइट असेल तर डोंबिवलीहून रात्री दोनच्या सुमाराला निघायला हवं, तेव्हा लोकल नाही. तीच फ्लाइट दुपारी दीड-दोनची असेल तर गर्दी ओसरल्यावर निघून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून मेट्रो ३ ने एकच स्टेशन पुढे टी२ म्हणजे विमानतळाचं टर्मिनल २, माणशी शंभराच्या आत काम होतं. सासू-सासऱ्यांना आणि मोठ्या बॅगांना एका गाडीत घाला, बाकीचे मेट्रोने. फक्त फ्लाइट टी१ वरून आहे का टी२ वरून ते तिकिटावर नीट बघा, दोन्हींचं स्टेशन वेगळं. आणि हो, आता नवी मुंबईचं विमानतळ पण सुरू झालंय, डिसेंबर २०२५ पासून. कल्याण-डोंबिवली, पनवेल, बदलापूर, अगदी पुण्याच्या बाजूच्या लोकांनी सुद्धा बीओएम (सहार) आणि एनएमआय (नवी मुंबई) असे दोन्ही कोड टाकून बघावं, काही साइटवर मुंबई टाकलं की फक्त सहारचंच दाखवतं. कोलकात्याच्या बाजूलाही ऑगस्ट २०२५ पासून विमानतळापर्यंत मेट्रो आलीय, नणंदेचं घर मेट्रोच्या जवळ असेल तर तिथलाही एक टॅक्सीचा खर्च वाचतो.

मग कागदावर प्रत्येक फ्लाइटपुढे असं मांडायचं, सहा तिकिटं, घरापासून विमानतळ, तिथून नणंदेचं घर, सामानाचे जादा पैसे, खाणं, आणि त्या वेळेसाठी मिस्टरांची रजा बिनपगारी जात असेल तर तेही. हा दारापासून दारापर्यंतचा आकडा. मला खात्री आहे की सगळ्यात स्वस्त तिकीट नि सगळ्यात स्वस्त प्रवास ह्या दोन वेगळ्या फ्लाइट निघतील.

आता पत्रात तुम्ही जे गृहीत धरलंय पण लिहिलेलं नाही त्याकडे येते. सहाही जणांनी एकाच दिवशी, एकाच विमानाने, दोन्ही वेळा. का बरं? भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारात हवा आणि आईवडील हवेत, हे मला पटतं, बारा वर्षं म्हणजे थोडी नाहीत. पण तिथे पोचायचा रस्ता सगळ्यांचा एकच असायला हवा असं कुठे आहे.

गीतांजली एक्सप्रेस सीएसएमटीहून पहाटे सहाला सुटते, कल्याणला थांबते, म्हणजे तुम्हाला तर दारातच, आणि साधारण तीस तासांनी दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला. थर्ड एसीचं तिकीट दोन-सव्वादोन हजार. लक्ष्मीपूजन घरी करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला पोचता येतं. रेल्वेचं बुकिंग नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं. आता गंमत बघा, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं बुकिंग गणेशचतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी उघडतं, दरवर्षी जवळपास असंच येतं, म्हणजे घरोघरी मखराची नि मोदकाच्या पिठीची गडबड चालू असते तेव्हा. त्या गडबडीतच तारीख निसटते आणि मग लोक दसऱ्याला बघतात तर वेटिंग दोनशे. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, त्या दिवशी सकाळी आठच्या आधी लॉगिन करून बसा, आणि आयआरसीटीसीचं अकाउंट आधारशी जोडलेलं असू द्या, कारण बुकिंग उघडतं त्या दिवशी आधार व्हेरिफाय केलेल्या अकाउंटलाच तिकीट मिळतं. प्रवाशांची यादी आधीच सेव्ह करून ठेवा, आठ वाजता नाव टाईप करत बसलं की संपलं.

तुमचेच आकडे घेऊन मांडते. सहाही जण दोन्ही वेळा विमानाने, आजच्या भावाने ९१,८००. सगळे जाताना ट्रेनने आणि येताना विमानाने, ट्रेनचं माणशी सव्वादोन हजाराच्या थोडं आत धरलं तर तेरा हजार दोनशे अधिक बेचाळीस हजार, म्हणजे ५५,२०० च्या आसपास. ह्यात पैसा सगळ्यात जास्त वाचतो पण बहात्तर वर्षांच्या माणसाला तीस तास, रात्री बाथरूमला उठणं, हे तुम्हालाच माहीत, त्यांच्या गुडघ्यांना नि त्यांना विचारून ठरवा. तसं करायचं झालं तर दोघांचं तिकीट वेगळं काढा आणि सीनियर सिटिझन लोअर बर्थ कोटा निवडा, पुरुष साठच्या वर आणि बाई पंचेचाळीसच्या वर असेल आणि तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तरच तो मिळतो, सहा जणांच्या तिकिटावर मिळत नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

तिसरा मार्ग मला तुमच्यासाठी बरा वाटतो. सासू-सासरे आणि तुमच्या दोघांपैकी एक असे तिघं विमानाने, दुसरं माणूस मुलांना घेऊन गीतांजलीने. तिघांचे २४,९०० अधिक तिघांचे साडेसहा हजार, म्हणजे ४९,८०० च्या जागी एकतीस-साडेएकतीस हजारात सगळे कोलकात्यात. आणि तीनच सीटा हव्यात म्हटल्यावर वर सांगितलेला खालचा गट मिळायची शक्यता वाढते ती वेगळी. येताना सगळे एकत्र विमानाने, म्हणजे मुलांनाही विमान मिळालं. चौदा वर्षांच्या मुलाला झारखंडचं जंगल खिडकीतून बघू दे की एकदा, घरून नेलेली पुरी-भाजी, पत्ते, खरंच मजा येते. धोका एकच आहे, ट्रेनचं कन्फर्म झालं नाही तर त्या तिघांसाठी तेव्हाच्या भावाने विमानाचं तिकीट काढावं लागेल आणि तो ८,३०० पेक्षा जास्त असू शकतो. तो धोका घ्यायचा की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा. विमानाने कोणी जायचं हे मात्र मी सांगते, जो गेले दीड महिने रात्री जागलाय त्याने निवडायचं.

आणि यायची तारीख. जाण्याला भाऊबीजेची गाठ आहे, येण्याला नाही. पत्रावरून वाटतंय तुम्ही भाऊबीजेनंतरच्या रविवारचं बघताय. त्या दिवशी अख्खी मुंबई परत येत असते. मंगळवार, बुधवार बघा. मंगळवारी तिकीट काढून काही होत नाही, मंगळवारी प्रवास करून होतं, कारण विमानं रिकामी असतात. शाळा उघडायला वेळ असेल नि रजा मिळत असेल तर दोन दिवस जास्त राहून तुमचे सहा जणांचे कितीतरी वाचतील. ह्यासाठी एक फोन करायला हवा, नणंदेला. पूर्ण पत्रात सगळ्यांची मतं आहेत, मावसदीरांचं सुद्धा, पण जिच्याकडे जायचं तिला तारखा विचारल्याचं कुठे नाही. तिला कदाचित भाऊबीजेनंतरचा आठवडाच सोयीचा असेल, आईला जास्त दिवस ठेवून घ्यायचं असेल. मग सासूबाईंचं परतीचं तिकीट वेगळंच निघेल.

थांबायचं का काढायचं, तर दिवाळीसाठी थांबू नका. माझा स्वतःचा अंदाज असा की सणाच्या तारखांना दोन-तीन महिने आधी काढलेलं बरं, एरवीच्या दिवसांना महिना-दीड महिना आधी चालतं. तुम्ही आत्ता त्या मुदतीत आहात. परतीची सहा आणि जायची तीन तिकिटं ह्या आठवड्यात काढा. मनात आधी एक आकडा ठरवा, दारापासून दारापर्यंत इतके, त्यात बसलं की काढायचं. काढल्यावर डीजीसीएच्या नियमाने निदान २४ तास मिळतात, त्यात दंड न भरता रद्द करता येतं किंवा तारीख बदलता येते, अट एवढीच की तिकीट कंपनीच्याच साइटवरून काढलेलं हवं आणि देशातल्या देशात असेल तर प्रवास आठवड्याहून लांब हवा. तारीख बदलली तर भाड्यातला फरक मात्र द्यावा लागतो. म्हणजे काढल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा भाव बघा, खूप पडला असेल तर रद्द करून नव्याने काढा. त्यानंतर ते ॲप उघडायचं नाही. शेजारणीला किती पडलं ते विचारायचं नाही. त्या मुदतीत नावाच्या स्पेलिंगमधली चूकही फुकट दुरुस्त होते, म्हणून आधार कार्ड समोर ठेवून सहाही नावं परत वाचा, सासूबाईंच्या माहेरच्या-सासरच्या नावाचा घोळ असतो बऱ्याचदा.

कंपनीच्या साइटवरून काढा हे मी का म्हणते तेही सांगते. तुलना करायला मोठ्या साइट चांगल्या, कॅलेंडरवर कुठल्या दिवशी किती ते एका नजरेत दिसतं, गूगल फ्लाइट्सवर भाव बदलला की मेल येईल असं लावता येतं, रोज रात्री जागायची गरजच नाही. पण पैसे भरताना कन्व्हिनियन्स फी येते, ती माणशी आणि प्रत्येक बाजूची. समजा कार्डावर बाराशेची सूट मिळाली आणि फी माणशी साडेतीनशे, सहा जणांचे एका बाजूचेच एकवीसशे झाले, मग सूट कुठे राहिली. शिवाय इन्शुरन्स, जेवण, देणगी ह्यांच्या खुणा कधी आपोआप केलेल्या असतात. न विचारता असं टोपलीत घालायला २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या, सरकारी मार्गदर्शक सूचनांनी मनाई केलीय, तरी पैसे भरायच्या आधीच्या पानावर बेरीज स्वतः करा. शेवटचा आकडा भागिले सहा, तोच खरा भाव. साठीवरच्यांना काही कंपन्या सवलत देतात, पण ती मूळ भाड्यावर असते आणि कधीकधी साधा सेलचा भाव त्याहून कमी असतो, दोन्ही बघा. हैदराबाद नाहीतर नागपूरमार्गे दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्त पडतंय असं दिसलं तर म्हाताऱ्या माणसांबरोबर ते करू नका, पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे गेले, ती कंपनी जबाबदार नसते.

सामानाचं बघा, फराळ न्याल ना? देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी चेक-इनला माणशी पंधरा किलो आणि हातात सात. चकली-चिवड्याचे डबे भरून जड स्टीलचे डबे नेऊ नका, डब्याचंच वजन दीड किलो जातं, जाड पिशव्यांत भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला. घरी आंघोळीच्या आधीचं-नंतरचं वजन बघतो त्या काट्यावर बॅग हातात घेऊन उभं राहायचं, आपलं वजन वजा करायचं. जास्त होणार असेल तर आधीच ऑनलाइन किलो विकत घ्या, काउंटरवर तेच महाग पडतं. लोणचं, तूप हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये घट्ट बांधून. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे पेट घेऊ शकते म्हणून. ओटी भरायला घेतलेली असेल तर ती ट्रेनवाल्यांकडे द्या, नाहीतर कोलकात्यात नारळाला काय तोटा. खरं तर अर्ध्या फराळाचं ओझंही ट्रेनवाल्यांनीच न्यावं.

सगळीकडेच हात आखडता घ्या असं नाही हं मी म्हणत. सासरे रात्री-अपरात्री उठत असतील तर त्यांच्यासाठी पुढच्या रांगेतली, मधल्या वाटेच्या कडेची सीट पैसे देऊन घ्या, तिथे चारशे रुपये वाचवून काय करायचंय. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा, निदान ४८ तास आधी. बाकी चौघांनी वेब चेक-इनला जी सीट येईल ती घ्यावी, अडीच तासांचा प्रश्न.

ज्यांना अचानक जायची वेळ येते, गावी कोणाचं काही झालं म्हणून, त्यांचीही पत्रं येतात. त्यांना मी एवढंच सांगते की त्या दिवशी स्वस्त शोधत बसू नका, बारा तासांत पोचवेल असं जे मिळतंय ते घ्या. आणि कोणालाही तिकीट रद्द करावं लागलं तर "नॉन-रिफंडेबल" वाचून सोडून देऊ नका, सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क कंपनीला परत द्यावंच लागतं, मागा. फक्त मागायला कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे चोरांचे नंबर बसलेले असतात, ॲपमधलाच घ्या. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या भावाच्या तिकिटांचे मेसेज फिरतात तेही तसेच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन.

तर ताई, आज रात्री ओटा आवरला की मिस्टरांना बसवा शेजारी, एक कागद, एक पेन. आधी नणंदेला फोन, मग एक-दोन-तीन करत सीटा. आणि मावसदीरांवर राग धरू नका, सकाळी आठला दुसऱ्या मोबाइलवरून आयआरसीटीसी लावायला कोणीतरी लागेलच, त्यांना सांगा.